टाकीवर चढलेल्या माणसापुढं पोलिसानं अन् गावानं काय करावं?

पांदणकर, यवतमाळ जिल्हा
माझं मत आधी सांगतो, मंग तुम्ही बोला. माणूस जीव देतो म्हणून पाण्याच्या टाकीवर चढून बसला असन तर पोलिसाचं त्या टायमाले एकच काम, त्याले जिवंत खाली आणणं. मागणी खरी का खोटी, गुन्हा होते का नाई, हा हिशेब नंतरचा. अन् खाली उभ्या लोकायचं काम मोबाईल खिशात टाकून लांब सरकणं.
आमच्या तालुक्यात नुकतंच झालं हे. शेजाऱ्यानं पांदण, म्हंजे शेतात जायचा रस्ता, नांगरून टाकली, सोयाबीन काढाले गाडी शेतात जाईना, तहसीलमधी अर्ज पडून, शेवटी तो माणूस टाकीवर चढला. खाली अर्धं गाव जमलं, पोट्टे लाईव्ह करून राह्यले होते, दोघं-तिघं तर त्याले खालून डिवचून राह्यले होते. जमादार भोंग्यावरून सांगे, उतर नाहीतर गुन्हा दाखल करतो. गुन्ह्याच्या भीतीनं कोण उतरते राजेहो, ज्याले जगाचीच भीती उरली नाई तो? मामेभाऊ गेला, घरच्या गोष्टी बोलत बसला, तवा उतरला. अन् उतरल्याबरोबर गाडीत घालून ठाण्यात. दवाखान्यात नाई, ठाण्यात.

खाकीतला
पोलिसात आहे, ठाणं सांगत नाही. पांदणकर भाऊ, तुम्ही एक टाकी पाहिली. 15 ऑगस्ट, 26 जानेवारी जवळ आली की आत्मदहनाच्या इशाऱ्याची निवेदनं यायला लागतात, कोणाचं घरकुल, कोणाचं अतिक्रमण, कोणाचा पीक विमा. प्रत्येकाला बीएनएसएस, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, 168 ची गुन्हा करू नका अशी नोटीस बजवा, ऐकलं नाही तर 170 खाली ताब्यात घ्या, म्हणजे पूर्वीच्या सीआरपीसीचं 149 अन् 151. कलेक्टर हापिसपुढं रात्रभर बंदोबस्त आमचाच. आणि भारतीय न्याय संहितेत 226 मुद्दाम ठेवलंय, सरकारी माणसावर दबाव आणायला आत्महत्येचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. एकाला टाकीवरून पांदण मिळाली की पुढच्या महिन्यात चार टाक्यांवर माणसं. त्या शेजाऱ्याकडंही सातबारा आहे ना, त्याची बाजू कोण ऐकणार, की त्यानंही दुसऱ्या टाकीवर चढायचं?

कपाशीवाला
साहेब, चार टाक्या कोन भरते ते सांगू का? अर्जात इशारा हा शब्द नसन तर अर्ज टेबलावरून हलत नाई, हे तालुक्यातलं शेंबडं पोट्टंही सांगन. लोकायले हे तुमच्याच हापिसायनं शिकवलं. 2018 मधी धुळे जिल्ह्यातले धर्मा पाटील जमिनीच्या मोबदल्यासाठी मंत्रालयात जाऊन जिवाले मुकले, तवा तिथं कोनी वरून उडी मारली तर झेलाले जाळी बसवली. अन् 2024 च्या ऑक्टोबरात विधानसभेचे उपाध्यक्षच मागणीसाठी त्या जाळीवर उतरले. त्यायच्या हातात सत्ता असून त्यायले उडी माराव लागली, मंग आमच्या हातात काय हाय? माझं म्हणणं, पोलीस बोलावूच नका, तहसीलदाराले टाकीखाली उभं करा अन् तिथंच लिहून घ्या.

पांदणकर
नाई भाऊ, इथं मी साहेबाच्या बाजूनं हाय. टाकीखाली उभं राहून तहसीलदारानं रस्त्याचा निकाल देऊ नये, देताही येत नाई. शेतरस्ता अडवल्याचा निकाल ज्याच्यात होते तो मामलेदार कोर्ट कायदा 1906 चा हाय, त्यात दोघायलेही ऐकाव लागते. खोटं लिहून दिलं अन् उद्या फिरवलं तर तो माणूस दुसऱ्यांदा कोनावरच इसवास ठेवणार नाई, अन् ते लय वाईट. निकाल नको, सुनावणीची तारीख द्या, सही करून, अन् त्या तारखेले खरंच बसा. खाली उतरवणं वेगळं, मागणी मान्य करणं वेगळं. दोन्ही एकात घालतो म्हणून साहेबालेही भेव वाटते अन् कपाशीवाल्याची आशाही वाढते.

वकीलबाई, अमरावती
226 बद्दल थोडं. त्यात प्रयत्न लागतो आणि दबावाचा हेतूही लागतो, नुसत्या इशाऱ्यावर ते कलम कसं लागेल? आत्महत्येच्या प्रयत्नालाच गुन्हा धरणारं भारतीय दंड संहितेचं जुनं 309 तर 1 जुलै 2024 पासून गेलंच. आणि 2017 चा मानसिक आरोग्य कायदा, कलम 115, प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगतो आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरवतो. 115 मध्ये नाव 309 चं आहे, 226 चं नाही, त्यामुळे वकील भांडणार हे मान्य. पण हेतू काय होता हे टाकीखालून भोंगा धरून ठरवता येत नाही. ज्याची मागणी सरकारकडे आहे तो खचलेलाही असू शकतो, बहुतेकदा दोन्ही असतं.

रोखठोक वाशिम
सगळे मोबाईलवाल्यांच्या मागे लागलेत, पण व्हिडिओ नसता तर त्या अर्जाची फाईल कोणी उघडली असती? मी तर शूट करणार. बातमी झाल्याशिवाय इथं काही होत नाही, आणि लांब सरका म्हणजे काय, माणूस मरताना पाठ फिरवायची?

सायकॉलॉजीची विद्यार्थिनी
लिऑन मान नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1981 मध्ये अशा 21 प्रसंगांचा अभ्यास छापला होता, त्यातल्या 10 मध्ये गर्दीने त्या माणसाला डिवचलं होतं. गर्दी मोठी, अंधार, माणूस लांब वर, प्रसंग लांबलेला, असं असलं की हे जास्त होतं, कारण गर्दीत कोणाला स्वतःचं नाव नसतं. म्हणजे रोखठोक दादा, तुम्ही स्वतः काही बोलला नाहीत तरी तुमच्या उभं राहण्यानेच गर्दी वाढते. पाठ फिरवू नका, 112 ला फोन करा, बाकीच्यांना मागे घ्या. बोलणारा एकच हवा, हळू, घाई नाही, त्याचं ऐकणारा. हिंमत देतो म्हणून दहा जण दहा दिशांनी ओरडले की वरच्या माणसाला काहीच कळत नाही. आणि घरचं कोणालाही उचलून पुढे आणू नका, आधी त्याला विचारा कोणाशी बोलायचंय, कधीकधी भांडण त्याच घरातलं असतं.

पांदणकर
अन् शूट करायचंच असन तर त्या अर्जाची पोच शूट कर, नांगरलेली पांदण कर, रोज कर, मी शेअर करीन. त्याची पोरगी दहावीत हाय, वर्गातल्या मोबाईलवर बाप पाह्यला तिनं. 2019 मधी प्रेस कौन्सिलनं आत्महत्येच्या बातम्यायसाठी नियम स्वीकारले, कसं केलं ते रंगवू नका, फोटो-व्हिडिओ टाकू नका. पेपराले जे लागू ते आपल्या ग्रुपले नाई का?

खाकीतला
ऐकायला बरं आहे. एका बीटमध्ये गावं किती अन् माणसं किती ते बघा, अग्निशमनची गाडी नगर परिषदेतून येईपर्यंत मी एकटा भोंगा धरून उभा, गर्दी पन्नास पावलं मागे सारणार कोण? धमकी देऊ नये हे पटतं, पण आम्हाला बोलायचं शिकवलंय कोणी? मेडिकलला आम्ही नेतोच, कागदासाठी.

आशाताई, घाटंजीकडच्या
कागदासाठी नेता, हेच तर दुखणं आहे दादा. गर्दी पोलीस पाटलानं अन् सरपंचानं सारावी, गावातली पोरं त्यांचं ऐकतात, तुम्ही बोलण्यासाठी मोकळे राहा. पण उतरल्यानंतरचे दिवस कोण पाहतं? गाव हसतं, बायको माहेरी जाते, सावकार दारात. शेतकऱ्यांसाठीच्या प्रेरणा प्रकल्पात आम्ही घरोघर जाऊन विचारपूस करतो, पण आमच्या गावचा माणूस टाकीवर चढला होता हे मला तिसऱ्या गावाकडून कळतं. टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिचा 14416 चोवीस तास लागतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत, त्याच्या बायकोलाही लावता येतो. ठाण्यातून मला एक फोन आला असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या ओट्यावर असते.

कपाशीवाला
ताई बरोबर बोलल्या. पण तारखेवर तहसीलदार बसला नाई तर? मंग तुमचा 14416 पांदण देन का?

पांदणकर
नाई देणार. म्हणूनच सुनावणीच्या दिवशी मी स्वतः तिथं बसणार हाओ, शेजाऱ्यालेही घेऊन.

खाकीतला
आशाताई, तुमच्यासारख्यांना कळवलं अशी नोंद स्टेशन डायरीत घालणं माझ्या हातात आहे, ते करीन. 226 बद्दल माझं मत तेच आहे, पण ते भोंग्यावरून सांगणार नाही.