बाकीचं गणित आणि भरतीची वेळ
भागाकारात उरणाऱ्या बाकीचं गणित (घड्याळात 12 नंतर पुन्हा 1 येतो, तसं) घड्याळाच्या उदाहरणापुढे जातच नाही, असं काहीजण म्हणतात; ते मला पटलं नाही. कोकणात हर्णै बंदरावर आमचे आजोबा होडी लोटण्याआधी तिथी विचारून तिची पाऊणपट करायचे. पंचमी असली की बोटांवर पाच पाऊण पावणेचार. पूर्ण भरती पावणेचारच्या सुमारास, दुपारी आणि पहाटेही. शुद्ध की वद्य, हे कधीच विचारायचे नाहीत! कारण मला फार उशिरा कळलं. भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, पंधरवड्यात साधारण 12 तास. 12 ने भागलं की बाकी शून्य, म्हणून दोन्ही पक्षांना एकच सूत्र.

पाऊणपटीत रोज थोडी मिनिटं कमी पडतात खरी, पण प्रतिपदेला मोजणी पुन्हा एकपासून, त्यामुळे चूक साठत जात नाही. पुनवेला फार तर पाऊण तासाचा फरक.