पिसवा मांजरावर कमी, घरात जास्त
मांजर घराबाहेर पडत नाही, दोनदा अंघोळ घातली, तरी पिसवा हटत नाहीत म्हणता. अहो, त्या आपल्याच कपड्या-चपलांवरूनही घरात येतात. शिवाय अंगावर दिसतात त्या थोड्याच; अंडी, अळ्या, कोष सगळे गादीत नि सोफ्याच्या फटीत. कोषातली पिसू फवाऱ्याला दाद देत नाही, महिनोन्‌महिने दबा धरते. व्हॅक्यूमच्या हादऱ्याने मात्र बाहेर पडते, म्हणून रोज फिरवा आणि कचरा लगेच घराबाहेर टाका. अंथरुणं गरम पाण्यात धुवा. मानेवर टाकायचं औषध डॉक्टरांना विचारून निदान ३ महिने चालू ठेवा. कुत्र्याचं परमेथ्रिनवालं (हे एक कीटकनाशक) औषध चुकूनही नको, मांजराच्या जिवावर बेततं. खात्री करायचीय? मांजराच्या अंगावरून बारीक फणी फिरवा आणि तिच्यातले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. तांबूस डाग पसरला की पिसवांचीच घाण. आमच्या बोक्याचा कागद बघून मला दोन दिवस अंग खाजत होतं!