टी४२ परत उभा करायचाय, आधी कशाला हात लावू?

शाईपेन

मंडळी, मामाचा जुना थिंकपॅड टी४२ माझ्याकडे आलाय. २००४ चा, झाकणावर आयबीएमचा लोगो अजून शाबूत, पेन्टियम एम १.७ गिगाहर्ट्झ, रॅम ५१२ एमबी, हार्ड डिस्क ४० जीबी. दहा वर्षं कपाटात पडून होता, मामा म्हणे भंगारात टाकतो, मी म्हटलं थांब मी नेते. खरं सांगायचं तर नेला तो कीबोर्डसाठी, त्याच्यावर टाइप करायला बसलं की उठावंसंच वाटत नाही.

आता रडगाणं ऐका. चालू केला की १६१ आणि १६३ असे दोन एरर येतात, एफ१ दाबून आत जाऊन तारीख-वेळ घातली की गाडी पुढे सरकते पण प्लग काढून परत लावला की पुन्हा तेच. विंडोज एक्सपी उघडायला पाच-सहा मिनिटं, आणि तेवढा वेळ डिस्कमधून कट्‌... कट्‌... असा आवाज, मधेच सगळं थिजतं आणि आपोआप परत चालू होतं. फॅन दळण दळल्यासारखा वाजतो. स्क्रीन सुरुवातीला गुलाबी, मग हळूहळू ताळ्यावर येते. बॅटरी ठार मेलेली, अडॅप्टर निघाला की खेळ खल्लास.

माझा प्लॅन असा की एसएसडी टाकायची, रॅम २ जीबी करायची, वायफाय कार्ड नवीन, बॅटरी नवीन, आणि त्यावर फक्त लिखाण करायचं. दुसऱ्या एका लॅपटॉपमधली २०० पिनांची १ जीबी रॅम घरात पडलीय ती चालेल का? आणि हो, मामाचं पंधरा वर्षांचं लिखाण त्याच डिस्कवर आहे, एका बैठकीत कॉपी करावं म्हणून बसले तर अर्ध्यातच लटकलं. आज रात्री चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं टूल) लावून झोपू का?

जुनाटप्रेमी

नको!! चेकडिस्क लावू नका आणि तो लॅपटॉप आत्ताच्या आत्ता बंद करा, मग बाकीचं वाचा.

कट्‌ कट्‌ म्हणजे डिस्कचं डोकं वाचायला जातंय, वाचता येत नाहीये, माघारी येऊन परत प्रयत्न करतंय. प्रत्येक वेळी एक्सपी चालू केलं की शेकडो फायली वाचल्या-लिहिल्या जातात, म्हणजे त्या डिस्कचे जे काही शेवटचे तास उरलेत ते तुम्ही विंडोजचं चित्र बघण्यात घालवताय. चेकडिस्क तर त्याहून वाईट, ते डिस्कवर लिहितं, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर दुरुस्तीच्या नावाखाली लिहिणं म्हणजे आजाऱ्याला पळायला लावणं.

डिस्क काढणं या मॉडेलमधे सोपंय. बॅटरी काढा, तळाचा एक स्क्रू काढा, डिस्क बाजूने ड्रॉवरसारखी सरकत बाहेर येते. यूएसबी ते ४४ पिन आयडीई (जुन्या डिस्कचं कनेक्शन) असा कन्व्हर्टर घ्या. दोन शेपट्यांची यूएसबी केबल असलेला मिळाला तर उत्तम, कारण डिस्क फिरायला लागताना एका यूएसबी २ पोर्टच्या ५०० मिलिअँपियरपेक्षा जास्त करंट ओढू शकते आणि कमी पडला की पुन्हा तोच कट्‌ कट्‌, मग कळत नाही डिस्क मेलीय की उपाशी आहे. कनेक्टर लावताना डोळे उघडे ठेवा, ४४ पिनांच्या शेजारी थोडी जागा सोडून अजून ४ पिना असतात त्या जंपरच्या, त्यांच्यावर कनेक्टर सरकवू नका. आणि मधे एक पिन मुद्दाम नसतेच, २० नंबरची, ती तुटली म्हणून घाबरू नका. मी घाबरलो होतो, अर्धा दिवस तुटलेली पिन जमिनीवर शोधत होतो.

मग दुसऱ्या धडधाकट कॉम्प्युटरवर लिनक्सच्या लाइव्ह यूएसबीवरून जीएनयू डीडीरेस्क्यू (खराब डिस्कमधून डेटा वाचवणारा प्रोग्राम) चालवा. एकेक फाइल कॉपी करत बसू नका, अख्ख्या डिस्कची इमेज (जशीच्या तशी नक्कल, एकाच फाइलमधे) घ्या. पहिल्या फेरीला कमांडमधे मायनस एन हा पर्याय लावा म्हणजे खराब जागेशी कुस्ती न खेळता चांगलं चांगलं आधी उचलेल. मॅपफाइलचं (कुठवर वाचून झालं त्याच्या नोंदीचं) नाव मात्र द्याच, मधे बंद पडलं तरी सोडलं तिथून पुढे जाता येतं. दुसऱ्या फेरीत राहिलेल्या तुकड्यांच्या मागे लागा. बाकी सगळं, एसएसडी वगैरे, याच्यानंतर.

एक_स्क्रू_कमी

वरच्यांशी शंभर टक्के सहमत, आता त्यानंतरचं सांगतो.

रॅम: २०० पिना मोजून फसू नका. डीडीआर आणि डीडीआर२ दोन्हींच्या लॅपटॉप रॅमला २०० च पिना असतात, पण खाच किंचित सरकलेली असते आणि व्होल्टेज वेगळं, २.५ आणि १.८. टी४२ ला डीडीआर लागते, लेबलवर पीसी२७०० लिहिलेलं बघा. तुमच्याकडची पीसी२ ने सुरू होऊन मग रेघ आणि आकडा अशी असेल तर ती डीडीआर२, जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट जाईल. दोन स्लॉट आहेत, १+१ करून २ जीबी हीच कमाल मर्यादा.

एसएसडी: एमसाटा एसएसडी (छोट्या कार्डाच्या आकाराची) आणि ४४ पिनाचं अडॅप्टर हे जोडकाम मला सगळ्यात बिनकटकटीचं वाटतं. आत आयडीई आहे, वेग कागदावर १०० एमबी प्रतिसेकंद, त्यामुळे महागडी वेगवान एसएसडी घेणं म्हणजे बैलगाडीला विमानाचं इंजिन. ६४ जीबी सुद्धा पोटभर आहे. अडॅप्टरवर जंपर असेल तर मास्टरवर ठेवा. काही जण कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लावतात, ते मुळातच आयडीईची भाषा बोलतं म्हणून अडॅप्टर स्वस्तातलं साधं असतं, पण बरीच कार्डं स्वतःला रिमूव्हेबल म्हणून सांगतात आणि मग एक्सपी नखरे करतं, शिवाय अडॅप्टरवर डीएमएच्या (जलद डेटा नेण्याच्या) रेघा जोडलेल्या नसतील तर पीआयओ या जुन्या संथ मोडमधे रांगत चालतं. मी त्या वाटेने गेलो होतो, परत आलो.

बरं झालं तुमच्याकडे टी४३ नाही. त्याच्यात साटा (आयडीईनंतरचं कनेक्शन) ते आयडीई असा पूल मधे बसवलाय आणि ओळखीची नसलेली डिस्क दिसली की दरवेळी २०१० नंबरचा एरर देऊन थांबतो. टी४२ मधे सरळ आयडीई आहे.

एक्सपीच ठेवणार असाल तर पार्टिशन आधी लिनक्समधून करून घ्या, २०४८ व्या सेक्टरपासून. एक्सपी स्वतः केलं तर ६३ पासून सुरू करतं आणि एसएसडीला ते तिरकं बसतं, प्रत्येक लिहिण्याला दुप्पट काम. एक्सपीला ट्रिम (पुसलेली जागा मोकळी झाली हे एसएसडीला कळवणं) पण कळत नाही, म्हणून थोडी जागा पार्टिशन न करता मोकळी सोडा.

हिशोबी

सगळ्यांचा उत्साह बघून बरं वाटलं पण एक विचारतो, राग मानू नका. एसएसडी, अडॅप्टर, रॅम, वायफाय कार्ड, बॅटरी... एवढं सगळं घेऊन शेवटी हातात काय तर २००४ चा लॅपटॉप. नेटवर आजच्या साइट्स उघडल्या की एका कोरचा जीव जाणार. त्यापेक्षा डेटा काढा, कीबोर्ड आवडतो तर चार-पाच वर्षांनी नवा असलेला घ्या, दुरुस्ती पण सोपी आणि ६४ बिट तरी मिळेल.

बॅटरीबद्दल मात्र गंभीरपणे. या बॅटरीत १०.८ व्होल्ट, म्हणजे ३ लिथियम सेल एकापुढे एक. जुना पॅक फोडून सेल बदलायच्या फंदात पडू नका, सेलला सोल्डरिंग लावायचं नसतं, स्पॉट वेल्डिंग लागतं, आणि सेल सुटे केले की आतली मोजणी करणारी चिप रुसते आणि नवे सेल लावूनही चार्ज घेत नाही. पॅक फुगलेला वाटला तर वापरूच नका. शिवाय अडॅप्टर १६ व्होल्टचा आहे, नंतरच्या टी६० ला २० व्होल्ट लागतात, घरात पडलेला कुठलातरी घुसतोय म्हणून घुसवू नका.

जुनाटप्रेमी

@हिशोबी हिशोब बरोबर आहे पण प्रश्न वेगळा होता, तिला लिहायला मशीन हवंय. लिहायला एक कोर पुरतो. उलट नेट धड चालत नाही हाच फायदा.

शाईपेन, १६१ म्हणजे सीमॉसची (तारीख-वेळ आणि सेटिंग्ज जपणाऱ्या छोट्या मेमरीची) बॅटरी संपली आणि १६३ म्हणजे त्यामुळे घड्याळ विसरलं. ३ व्होल्टचा बटण सेल असतो, प्लास्टिकमधे गुंडाळलेला आणि दोन वायरींचा छोटा कनेक्टर, तसाच तयार मिळतो. या जातीच्या मशीनमधे सुपरवायझर पासवर्ड लावलेला असला तर सीमॉस बॅटरी काढून तो जात नाही, वेगळ्या चिपमधे असतो, आणि वर घड्याळ पुसलं गेलं की सेटअपमधे जायला तोच पासवर्ड मागतं, म्हणजे माणूस दाराबाहेर. पण तुम्ही आत जाऊन तारीख घालू शकलात म्हणजे तो लावलेलाच नाही. सुटलात.

स्क्रीनचा गुलाबीपणा म्हणजे मागची ट्यूब म्हातारी झालीय. तापली की नीट होतेय ना, मग चालू द्या. तिथे इन्व्हर्टर शेकडो व्होल्ट तयार करतो, चालू असताना त्या बाजूला बोट नको.

उघडायच्या आधी हार्डवेअर मेन्टेनन्स मॅन्युअल उतरवून घ्या, कंपनीनेच काढलेली पीडीएफ आहे, कुठला स्क्रू किती लांबीचा ते चित्रासकट दिलंय. मी कागदावर लॅपटॉपचा तळ काढतो आणि स्क्रू त्या त्या जागी टेपने चिकटवतो. लांब स्क्रू आखूड जागी फिरवला तर पामरेस्टमधून वर डोकं काढतो, माझ्या एकाला अजून ती मुरुमासारखी खूण आहे. आणि उघडं मशीन एका कोपऱ्याने उचलू नका, दोन हातांनी उचला, बोर्ड वाकला की ग्राफिक्स चिपखालचे सोल्डरचे सांधे तडकतात.

टर्मिनलवाला

एक्सपीचे पॅच एप्रिल २०१४ मधे बंद झाले, नेटला जोडायचं असेल तर लिनक्स. पण इथे एक गंमत आहे, हा पेन्टियम एम पीएई (३२ बिट प्रोसेसरला जास्त रॅम वापरू देणारी सोय) येतं हे सांगतच नाही, येतं पण सांगत नाही, म्हणून काही इन्स्टॉलर सुरुवातीलाच नकार देतात. बूटच्या ओळीत फोर्सपीएई टाकलं की काम होतं. किंवा डेबियन १२ चा पीएई नसलेला ३२ बिट कर्नल घ्या, नाहीतर अँटीएक्स. डेबियन १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही त्यामुळे तिकडे वेळ घालवू नका.

वायफाय: कुठलंही मिनी पीसीआय (आत बसणारं) कार्ड टाकलं तर १८०२ एरर येऊन मशीन तिथेच उभं राहतं, बायॉसमधे (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्राममधे) मंजूर कार्डांची यादी आहे. त्यावर जुना जुगाड म्हणजे सीमॉसमधला एक बिट उलटवणारा छोटा प्रोग्राम. तो बिट सीमॉसमधेच राहतो, म्हणजे सीमॉस बॅटरी मेली की जुगाडही मेला. म्हणून बॅटरी आधी, कार्ड नंतर, क्रम चुकवू नका. नाहीतर सरळ बाजूच्या खाचेत बसणारं कार्डबसचं कार्ड किंवा यूएसबी डाँगल लावा, त्यांना यादीबिदी काही नाही.

शाईपेन

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा.

इमेज झाली!! पहिली फेरी दोन तासांत, दुसरी फेरी मात्र रात्रभर आणि दुसरा अख्खा दिवस, शेवटी ४० जीबीतलं ११ एमबी सोडून सगळं आलं. तिसऱ्यांदा लावायला गेले तर डिस्क फिरलीच नाही. म्हणजे त्या रात्री चेकडिस्क लावून झोपले असते तर... जाऊ दे, विचार नको. रॅम डीडीआर२ च निघाली, परत डब्यात.

सीमॉस बॅटरी बदलली, एरर दोन्ही गेले. ६४ जीबी एमसाटा आणि डेबियन १२, ३८ सेकंदांत लॉगिनपर्यंत. वायफाय कार्डाच्या भानगडीत पडलेच नाही, डाँगल आहे. @हिशोबी बॅटरी घेतलीच नाही, अडॅप्टरवरच चालवते, खर्च तेवढा वाचला, खूश?

पण एक घोळ झालाय. इमेजमधून मामाचं डॉक्युमेंटचं फोल्डर बाहेर काढलं, लिबरऑफिसमधे फाइल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. फाइल करप्ट झाली का? सगळ्याच तशा आहेत हो.

टर्मिनलवाला

करप्ट नाही. युनिकोडच्या आधीचा फॉन्ट आहे, आत खरोखरच इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचे आकार चढवतो. फॉन्ट नाही तर मराठी नाही. इमेज अजून आहे ना? रीड-ओन्ली माउंट करा, विंडोज फोल्डरच्या आत फॉन्ट्स फोल्डर आहे, त्यातले ओळखीचे न वाटणारे टीटीएफ (फॉन्टच्या फायली) उचला आणि होममधल्या फॉन्टच्या फोल्डरमधे टाका. नंतर हवं तर कन्व्हर्टरने युनिकोडमधे आणा पण जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, तिथे हमखास माती खातात.

शाईपेन

आलं!!! तीन फॉन्ट होते, दुसरा टाकल्याबरोबर अख्खं पान मराठी झालं. मामाला फोनवर पहिला परिच्छेद वाचून दाखवला तर म्हणाला हे मी लिहिलंय? फार पाल्हाळ आहे, काप.

नुसत्या फायली कॉपी करून डिस्क फेकली असती तर हे फॉन्ट कुठून आणले असते कोण जाणे.

फॅन अजून वाजतोय, तेवढा राहिलाय. मॅन्युअल उतरवलंय, कीबोर्ड काढून बघते. मशीन ऑइल स्टिकर उचलून मधोमध एक थेंबच ना? आणि सीपीयूवरची उष्णता नेणारी पेस्ट त्याच वेळी बदलू का?

एक_स्क्रू_कमी

एकच थेंब, जास्त घातलं तर पात्यांवरून उडून सगळीकडे. पेस्ट बदलाच, फॅन आणि हीटसिंक एकत्रच निघतं त्यामुळे जुनी पेस्ट तशीही उखडणार. ग्राफिक्स चिपवर पॅड असेल तर तिथे पॅडच परत लावा, मधलं अंतर जास्त असतं, पेस्टने भरत नाही. आणि कीबोर्ड उचलताना खाली केबल आहे, उत्साहात ओढू नका.

शाईपेन

ओके. रविवारी करते.