गहू बंद, तरी युरोपात पोटभर! तुमचे अनुभव लिहा

खरवडप्रेमी
आज पिठलं जरा जास्त वेळ गॅसवर राहिलं, खरवड धरली. ती उलथन्याने काढून खाताना एकदम जेनोवा आठवलं. २०१९. सिलिअ‍ॅकचं (गहू, बार्ली, राय या धान्यांतलं ग्लुटेन हे प्रथिन न सोसण्याचा आजार) निदान होऊन चार महिने झालेले, तिकिटं त्याआधीच काढलेली. इटलीत जाऊन गहू खायचा नाही! राजगिऱ्याचे लाडू, ज्वारीचं पीठ, सगळं बॅगेत भरलं. छोटा कुकर नवऱ्याने शेवटच्या क्षणी बाहेर काढला.

आणि तिथे एका बोळात फरिनाता दिसली. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. संपलं. पीठ काही तास भिजवतात, मग तांब्याच्या भल्यामोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत सरकवतात. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ, वर मिरपूड. पिठल्याची खरवडच की हो! पहिल्या दुकानात त्याच भट्टीत पिझ्झे भाजत होते, तिथून परत फिरले. दुसरीकडे नुसती फरिनाताच होती. तीन तुकडे खाल्ले, उभ्याने.

बिनगव्हाचा पाव, बिनगव्हाचा पास्ता हे नकोय मला. मुळातच ज्यात गहू नाही असं तिकडचं अस्सल काय खाल्लंत ते सांगा.

ऑफिसातून_चोरून
खरवड 😭 साडेबारा वाजलेत आणि डब्यात दुधी आहे.

घावनवाली
फ्रान्सच्या ब्रिटनीतली गालेत! म्हणजे आपलं घावनच, फक्त करड्या रंगाचं. आत अंडं, चीज, हॅम, चारी कडा दुमडलेल्या. फ्रेंचमध्ये त्या पिठाला 'ब्ले न्वार' म्हणतात, काळा गहू. नावात गहू, पण गव्हाशी काही नातं नाही, आपला उपासाचा कुट्टूच तो. मात्र काही जण पिठात थोडा गहू मिसळतात, आणि गोड क्रेप मैद्याची, बऱ्याचदा त्याच तव्यावर. एकदा विचारायचा कंटाळा केला. दुसरा अख्खा दिवस बाथरूममध्ये, ट्रेन गेली, नवरा एकटाच किल्ला बघून आला आणि रात्री मला फोटो दाखवत बसला.

पेठेतला
कुट्टूचं पीठ पुण्यात कुठे मिळतं?

घावनवाली
नवरात्रात कुठेही. आत्ता नाही सांगता येणार.

म्युनिककर_सून
आमच्याकडे सगळे प्रेमाने विचारतात, "डिंकेल चालतं ना?" अहो नाही चालत, तो गव्हाचाच भाऊ! शेजारच्या आजींनी मुद्दाम माझ्यासाठी डिंकेलचा केक केला होता. काय बोलणार, नवऱ्याने खाल्ला. बाकी एप्रिल ते २४ जून, ॲस्परॅगसच्या मोसमात, माझी चैन. पांढरा ॲस्परॅगस, उकडलेले बटाटे, वितळलेलं लोणी. सॉस असला तर मैदा घातलाय का विचारायचं. बाळ उठलं, नंतर लिहिते

फोडणी_फसली
माझं ऐका. स्पेनमध्ये बारा दिवस डोळ्यांत तेल घालून खाल्लं. तोर्तिया (बटाटा नि अंडं, बस) मागवताना सांगायचो, पाव कापलेली सुरी लावू नका. सांतियागोचा बदामाचा केक रोज, त्यात फक्त बदाम, साखर, अंडी, वर पिठीसाखरेत क्रॉस. तरी पोट बिघडलेलंच! शेवटी कळलं, मुक्कामी वरणाला घरून नेलेला हिंग घालत होतो. डबीवर बारीक अक्षरात: गव्हाचं पीठ.

खरवडप्रेमी
अरे देवा!! 😂 मी उठून आधी आमची डबी बघितली. आमच्यात तांदळाचं पीठ आहे, वाचले.

ऑफिसातून_चोरून
आमच्या डबीत मैदा निघाला. सासूबाईंना सांगू की नको?

लेबलवाचक
युरोपियन युनियनमध्ये पाकीटबंद पदार्थांच्या घटकांत गहू, बार्ली, राय ठळक करून छापावं लागतं. 'ग्लुटेन फ्री' लिहायचं तर किलोला २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. पाकिटाचं सोपं आहे हो, खरी भीती ताटाची. बिअर बार्लीची असते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

पेठेतला
बिअर बंद म्हणजे मग जायचंच कशाला?

म्युनिककर_सून
@पेठेतला वाईन आहे ना! बाळ झोपलं. पोलेंटा राहिलाच की कोणी लिहायचा. मक्याची उकड, वर मशरूम. मिलानच्या माझ्या मैत्रिणीला सिलिअ‍ॅक म्हणून बिनग्लुटेनच्या जिनसांसाठी दरमहा सरकारी मदत मिळते. मला हेवा वाटतो.

ऑफिसातून_चोरून
सांगितलं. म्हणाल्या, "तीस वर्षं तोच हिंग खातोय, तुलाच बरं काय होतं?"

फोडणी_फसली
😂😂 डबी बदलून टाका गुपचूप.

खरवडप्रेमी
चला, कढई भिजत घातलीय, घासायला हवी.

पेठेतला
खरवड ज्याने खाल्ली त्यानेच घासायची.