मदत हवी आहे : सांगली-मिरजेत एएची (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आधारगट) मीटिंग कुठे भरते?

नमस्कार मंडळी. दारू सोडून आज 23 दिवस झाले. गोळ्या चालू आहेत, पण संध्याकाळचे सात वाजले की पाय आपोआप नेहमीच्या वाटेला लागतात. विश्रामबाग किंवा मिरजेत अल्कोहोलिक्स अनॉनिमसची मीटिंग कुठे, कोणत्या वारी असते? फी नसते, एवढं माहीत आहे. बायकोलाही यायचंय, ओपन मीटिंगला घरचे चालतात ना? की तिच्यासाठी अल-अॅनॉनचा (दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीचा) गट शोधू? मागच्या आठवड्यात एका पत्त्यावर गेलो तर कुलूप. (तिथून सरळ घरी आलो, शप्पथ!) पहिल्याच दिवशी बोलावं लागतं का, की मागे बसून नुसतं ऐकलं तरी चालतं? कुणी जात असेल तर मेसेज करा, इथे नाव लिहू नका. एकट्यानं पायरी चढवत नाही.