फ्लॅटवाल्यांनी सोलार सबसिडीसाठी निवेदन द्यायचंय, पण नक्की मागायचं काय?

मानपाडा_आठवा_मजला
नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडवरच्या आम्ही चार-पाच सोसायट्या मिळून एक निवेदन तयार करतोय, रविवारी गेटवर टेबल टाकून सह्या घ्यायच्यात. विषय असा की पीएम सूर्यघर योजनेत स्वतःचं छप्पर असलेल्याला पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे मिळून ७८,००० मिळतात, आणि सोसायटीला मात्र कॉमन मीटरसाठी (लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांचा मीटर) सरसकट किलोवॅटमागे १८,०००. आमच्याकडे ८४ फ्लॅट आहेत. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची मशीनरूम, फायरवाल्यांसाठी मोकळी ठेवायची जागा हे सगळं सोडून फार तर २५ किलोवॅट बसेल असं सर्व्हेला आलेला मुलगा म्हणाला. म्हणजे साडेचार लाख भागिले ८४, फ्लॅटमागे पाच-साडेपाच हजार!! तिकडे गावी आमच्या भाऊजींनी बंगल्यावर ३ किलोवॅट लावून ७८ हजार खात्यात घेतले पण, आणि वर मला विचारतात वहिनी तुमचं कधी.
तर पहिली मागणी अशी लिहिलीये की फ्लॅटधारकालाही ७८ हजार द्या. अजून काय घालू? आणि हे द्यायचं कोणाला, आमदार, महापालिका की महावितरण? सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं तर तिघांनी अंगठा दाखवला आणि एकाने पार्किंगचा विषय काढला, म्हणून इथे विचारतेय.

नेरुळ_सेक्रेटरी
ताई, पाठिंबा आहे, सह्याही देतो, पण पहिली मागणी टिकणार नाही असं मला वाटतं. ८४ फ्लॅटना ३-३ किलोवॅट म्हणजे २५२ किलोवॅट, ते लावणार कुठे? तुमच्या गच्चीवर बसतात २५. उद्या सरकारने मोठ्या मनाने सोसायटीलाही ३०,००० चा दर दिला तरी साडेसात लाख होतात, म्हणजे तुमचं आत्ताचं भांडण ३ लाखांचं आहे. ते जरूर भांडा, पण ८४ गुणिले ७८ हजार असा आकडा लिहून गेलात तर समोरचा पहिल्या पानावरच कागद बाजूला ठेवेल.
खरा अन्याय मला दुसरीकडे दिसतो. आमचं कॉमन मीटरचं बिल काढून बघतो तेव्हा दोन लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे, सगळं घरगुती दरात लागतं हे ठीक, पण स्लॅब एका घराचा. १०० पर्यंत एक दर, ३०० पर्यंत दुसरा, ५०० च्या वर सगळ्यात महाग. आता लिफ्ट वापरणार सगळी बिल्डिंग आणि ५०० युनिट तर आमचे आठवड्याभरातच संपतात, मग महिनाभर वरच्या दराने भरा. एवढ्याचसाठी सोसायटीने सोलार लावणं फायद्याचं आहे, कारण वाचणारं प्रत्येक युनिट हे सगळ्यात महागडं युनिट असतं. निवेदनात हे टाका की कॉमन मीटरचा स्लॅब फ्लॅटच्या संख्येने मोजा. आणि निवेदनाची वाट बघत प्लांट अडवून ठेवू नका, ते वेगळं हे वेगळं.

कळव्याचा_फिटर
मी हेच काम करतो म्हणून दोन गोष्टी. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीशिवायची जागा लागते, वर्षभराची सरासरी धरली तर दिवसाला ४ युनिट धरा. २५ किलोवॅट म्हणजे महिन्याला ३,००० च्या आसपास, पण जुलै-ऑगस्टमध्ये निम्म्यावर येतं, आमच्याकडे लोक पहिल्या पावसाळ्यात फोन करतात की दादा प्लांट बिघडला. बिघडलेला नसतो, ढग असतात!
मॅडम तुमच्या घोडबंदरला अजून एक भानगड म्हणजे शेजारच्या टॉवरची सावली. सर्व्हे दुपारी बाराला करून गेला असेल तर परत बोलवा, सकाळी नऊला आणि दुपारी चारला गच्चीवर उभं राहून बघा सावली कुठपर्यंत येते, आणि बाजूच्या प्लॉटवर पाया खोदलेला असेल तर मग विचारूच नका. येऊरच्या बाजूला असाल तर माकडं, त्यांना पॅनेलवर बसायला फार आवडतं आणि केबल ओढतात, पाईपातून न्यायला सांगा. स्ट्रक्चर उंच करून खालची जागा पापड-लोणच्याला मोकळी ठेवता येते पण वारा धरतो, त्याचं वजन आणि अँकरिंग बघायला स्ट्रक्चरल इंजिनिअरचा कागद घ्या, नुसतं वेल्डरच्या शब्दावर जाऊ नका. गच्चीला भोक पाडून बोल्ट मारला की वॉटरप्रूफिंगची गॅरंटी गेली म्हणून समजा, काँक्रीटचे ब्लॉक ठेवून त्यावर उभं करतात ते बघा.
सबसिडी पाहिजे तर पॅनेल भारतात बनलेल्या सेलचे लागतात, डीसीआर म्हणतात, ते थोडे महाग असतात. कोण स्वस्त कोटेशन घेऊन आला तर आधी हेच विचारा. आणि लाईट गेली की हे पण बंद पडतं, ऑनग्रीड म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं, ते असंच असतं, लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक लागू नये म्हणून. लिफ्ट चालेल या आशेवर कोणी सही करत असेल तर त्याला आत्ताच सांगा, नाहीतर नंतर मला शिव्या.

ऐरोलीचे_काका
मला एक समजत नाही. मानपाड्याला ज्यांचे दीड-दोन कोटींचे फ्लॅट आहेत त्यांना सबसिडी कशाला पाहिजे? वरच्या सेक्रेटरींच्या हिशोबाने तर प्लांटचे पैसे तसेही काही वर्षांत वसूल होतात. सबसिडी ही ज्याला पहिला खर्चच झेपत नाही त्याला द्यावी. राज्याने २०२५ मध्ये स्मार्ट म्हणून योजना काढली, स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप, महिना १०० युनिटच्या आत वापर असणारे आणि दारिद्र्यरेषेखालचे यांच्यासाठी, केंद्राच्या ३०,००० वर दारिद्र्यरेषेखालच्याला राज्याचे १७,५०० अजून. ही खरी सबसिडी. तुम्ही टेबल टाका गेटवर, पण गेटवरच्या वॉचमनच्या घरावर पॅनेल कसं लागेल हेही लिहा त्यात.

मानपाडा_आठवा_मजला
काका टोमणा पोचला, पण माझा फ्लॅट दीड कोटींचा असला तरी तो बँकेचा आहे माझा नाही हो अजून 😅 आणि वॉचमनदादा राहतात भाड्याने, त्यांच्या डोक्यावरचं छप्परही दुसऱ्याचं. म्हणजे बघा ना, छप्पर ज्याचं त्याची सबसिडी अशीच ही योजना आहे, बाकी सगळे बाहेर. मला तेच खटकतंय.

घणसोली_गाव
छप्पर आपलं असून पण मिळत नाही, आमचं ऐका. घर आमचं, वर स्लॅब मोकळा, सावली नाही काही नाही. पण लाईट बिल आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन जमाना झाला. सबसिडी ज्याच्या नावाने बिल त्याच्या बँक खात्यात जाते, नावात फरक चालत नाही. मग नाव बदलायला गेलो तर घराचे कागद आणा. आता गरजेपोटी, परवानगीशिवाय बांधलेलं घर आहे, कागद काय आणू, सगळ्या नवी मुंबईला माहितीये आमच्या गावठाणांचा प्रश्न. काउंटरवरचा माणूस चांगला होता बिचारा पण त्याचा पण कॉम्प्युटर पुढे जाईना. चुलते-मालते मिळून चौघांचे वारस, एकाची सही नाही, झालं. तुमच्या निवेदनात एक ओळ आमची पण टाका, की मीटर ज्या घरात आहे आणि बिल जो भरतो त्याला वारसाच्या साध्या प्रतिज्ञापत्रावर नाव बदलून द्या. गावातून शंभर सह्या मी आणतो.

वाशी_ग्राहक
उशिरा वाचला धागा. निवेदनं बहुतेक वेळा चुकीच्या दारात जाऊन पडतात म्हणून कोणाकडे काय ते लिहितो.
सबसिडीचा दर केंद्राचा. २९ फेब्रुवारी २०२४ ला मंत्रिमंडळाने १ कोटी घरांसाठी ७५,०२१ कोटींची ही योजना मंजूर केली, १८,००० चे ३०,००० करायचे तर ते नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय करेल, म्हणजे तुमच्या खासदारामार्फत जा, महावितरणच्या इंजिनिअरला त्यात काडीचा अधिकार नाही. स्लॅब, नेट मीटरिंग (आपण बनवून लाईनला दिलेली वीज बिलातून वजा होणं), युनिट कसे वळते करायचे, हे राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. तिथे नुसतं निवेदन दिलं तर पोचपावती मिळते, पण दराचा प्रस्ताव येतो तेव्हा सूचना-हरकती मागवतात त्या मुदतीत लेखी हरकत टाकली आणि सुनावणीला जाऊन दोन मिनिटं बोललं तर ते रेकॉर्डवर येतं. २०२५ च्या सुरुवातीला दराच्या प्रस्तावात दिवसा बनलेली वीज दिवसाच्याच वापरातून वजा करायची असा विषय निघाला तेव्हा घरगुती सोलारवाल्यांनी अशाच हरकती घातल्या होत्या, कारण आपण घरी असतो संध्याकाळी, दिवसाची वीज रात्री वळती झाली नाही तर नेट मीटरला अर्थ काय राहिला. घणसोलीच्या भाऊंचा नाव बदलण्याचा विषय महावितरणचा, तिथे नाही झालं तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, वकील लागत नाही.
आता ताईंच्या मूळ दुखण्याबद्दल. तुमची गच्ची कॉमन मीटरलाच पुरणार नाही, मग फ्लॅटला काय उरणार. त्यामुळे मागायचं असेल तर दुसऱ्याच्या छपरावरचा वाटा मागा. कुठेतरी मोठा प्लांट, त्यात तुम्ही एक-दोन किलोवॅट विकत घ्यायचे आणि युनिट तुमच्या फ्लॅटच्या बिलातून वजा. दिल्लीने २०२४ मध्ये अधिसूचित केलेल्या सौर धोरणात असा सामुदायिक सोलार आणला, भाडेकरूलाही चालतो. आपल्याकडे सामान्य फ्लॅटवाल्याला सहज घेता येईल इतकं सोपं काही मी तरी अजून पाहिलेलं नाही. आणि छपरं म्हणाल तर ठाणे-बेलापूर रोडने जाताना नुसतं बघा, महापे-रबाळेच्या एमआयडीसीतले पत्रे, वाशी-बेलापूर स्टेशनच्या इमारती, महापालिकेच्या शाळा. ऊन तिथे पडतंय आणि आपण २५ किलोवॅटसाठी टाकीशी भांडतोय. वॉचमनदादाही यात बसतात, काकांचाही प्रश्न सुटला.

ऐरोलीचे_काका
सुटला वगैरे नाही, वाटा विकत घ्यायला त्याच्याकडे पैसे कुठून येणार? तिथे सबसिडी लावा म्हणजे बोलू. पण मुद्दा पटला. रविवारी येतो सहीला, टेबल सावलीत टाका.

नेरुळ_सेक्रेटरी
वाशीकर, उत्तम. ताई अजून एक, तुमचं कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीये का? नसेल तर गच्ची अजून बिल्डरच्या जमिनीवर आहे आणि तो ऐनवेळी एनओसीचं लचांड काढतो, आमच्या शेजारच्या सोसायटीत अख्खं वर्ष यातच गेलं. सर्वसाधारण सभेच्या ठरावात 'गच्चीवर सौर प्रकल्प' एवढंच लिहू नका, किती किलोवॅट, खर्च कोणत्या फंडातून, पॅनेल धुणार कोण हे सगळं लिहा. धुण्यावरून भांडणं होतात, घोडबंदरची धूळ काय असते ते मी सांगायला नको.

मानपाडा_आठवा_मजला
कन्व्हेयन्सचं नाव काढलंत आणि आमच्या ग्रुपवरची दुसरी लढाई आठवली... नाही झालेलं. बरं, एका निवेदनाचे तीन कागद करते. केंद्राच्या मंत्रालयासाठी सोसायटीचा दर ३०,००० आणि लांबच्या छपरात वाटा घेणाऱ्या कमी वापरवाल्यांना सबसिडी, आयोगासाठी कॉमन मीटरचा स्लॅब फ्लॅटच्या संख्येवर आणि लांबच्या छपरातला वाटा. महावितरणला घणसोलीचा नावबदल. ७८ हजारवाली ओळ काढली. भाऊ तुम्ही शंभर म्हणालात, मी दीडशे धरते हं.

वाशी_ग्राहक
सह्यांच्या तक्त्यात नाव आणि सहीबरोबर बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक घ्यायला एक रकाना ठेवा. लोकांना बिल बरोबर आणायला आजच ग्रुपवर टाका, गेटवर कोणालाच तो आठवत नाही.