जुलाब झाले की सलाईन आणि अँटिबायोटिकच का?

घणसोलीकर:
आमच्या सोसायटीतल्या दीड वर्षाच्या पोराला जुलाब लागले. खेळत होतं, पाणी पीत होतं, शीमध्ये रक्त नाही. तरी दवाखान्यातून अँटिबायोटिकचं सिरप हातात पडलं. ओआरएस (पाण्यात घालून पाजायची मीठ-साखरेची पूड) नाही, झिंक नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ २००४ पासून सांगतायत: ओआरएस द्या, जोडीला १० ते १४ दिवस झिंक. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ, ग्लुकोज आणि खायच्या सोड्याचं पाणी पाजलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. एवढा पुरावा असताना ‘डॉक्टर, हे औषध कशाच्या आधारावर?’ असं आपण विचारलंच पाहिजे.

वागळेतला डॉक्टर:
जरूर विचारा. पण नुसतं ओआरएस लिहून दिलं की आई म्हणते, ‘पाणीच दिलंत?’ आणि संध्याकाळी पोर दुसऱ्या दवाखान्यात सलाईन लावून झोपलेलं असतं.
शिवाय पुरावा कुठला, तेही बघा. दिवस भरायच्या आधी बाळंत होणाऱ्या बाईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं सावरतात, हे १९७२ मध्ये न्यूझीलंडमध्ये दिसलं. तेच भारतासकट सहा देशांत गावपातळीपर्यंत नेलं, तर २०१५ च्या निष्कर्षांत नवजात मृत्यू उलट वाढलेले! इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक जणींची बाळंतपणं पुढे वेळेवरच झाली, म्हणजे त्यांना त्याची गरजच नव्हती. बाहेरच्या संशोधनाचा कागद इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

घणसोलीकर:
पण नुकसान झालं हे कळलं कशावरून? मोजलं म्हणूनच ना! नुसत्या अनुभवावर चाललं असतं तर तेच इंजेक्शन आजही डोळे मिटून दिलं गेलं असतं. आणि गोष्ट २०१५ ला संपली नाही. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया, नायजेरियातल्या हॉस्पिटलांत सोनोग्राफीने दिवस नीट ठरवून पुन्हा चाचणी झाली. २०२० मध्ये निकाल आला: मृत्यू कमी झाले. औषध तेच, फक्त कुणाला आणि कुठे द्यायचं ते कळलं.
इथला पुरावा हवा तर गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली, मृत्यू मोजले, १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. आज आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करतात, ते त्यातूनच आलं.

ऐरोलीची सिस्टर:
दोघांनाही एक सांगते. ओआरएसचं पाकीट बहुतेक वेळा एक लिटरचं असतं, पण बऱ्याच आया ग्लासभर पाण्यात थोडी थोडी पूड घालतात. पाणी खारट होतं, पोर थुंकतं, जास्त दाट झालं तर अपायही होतो. आईच्या समोर, तिच्याच घरच्या बाटलीने लिटर मोजून दाखवावं लागतं. हे प्रिस्क्रिप्शनवर मावत नाही.

वागळेतला डॉक्टर:
सिस्टर, अगदी खरं. घणसोलीकर, माझा मुद्दा तरीही सोडत नाही. लिटर मोजून दाखवायला दहा मिनिटं लागतात, बाहेर रांग असते आणि त्या दहा मिनिटांचे पैसे कुणी देत नाही, सलाईनचे देतात. पेशंटने जाब विचारून हे बदलणार नाही. दवाखान्यात समजावून सांगायला वेगळं माणूस ठेवा, त्याचा पगार कोण देणार ते ठरवा, मग बोलू.